एक पान, तीन संगणक

सर, काल कॉलेजात नवा लॅपटॉप आला आणि त्यावर पानं मोजायचं ते सॉफ्टवेअर मी एकटीने टाकलं. पहिल्या फटक्यात उघडलं. तुम्हाला कळवावं म्हणून मोबाइल उचलला, तुमचा नंबर काढला, आणि मग आठवलं. तुम्हाला जाऊन पंधरवडाही झाला नाही. डोक्याला कळलंय, बोटांना अजून कळलेलं नाही.

शोकसभेत सगळे तुमच्याबद्दल चांगलं बोलले. शांत स्वभावाचे होते, कधी आवाज चढवला नाही, असंही कुणीतरी म्हणालं. मी खाली मान घालून बसले होते, कारण मला हसू येत होतं. विंडोजच्या संगणकावर मी सॉफ्टवेअर भलत्या जागी ठेवलं होतं, त्या दिवशी तुमचा आवाज जव्हारच्या एसटी डेपोपर्यंत गेला असेल. पण अशा सभेत ते कोण सांगणार? म्हणून इथे तुम्हालाच सांगते. तुम्ही चिडके होता, चिकट होता, आणि तुमच्यासारखा मास्तर मला मिळाला हे माझं नशीब.

मी साखरशेतची पोर, वनस्पतिशास्त्र शिकायला जव्हारला आले, तेव्हा तुम्ही आम्हाला शिकवायचात. मोखाड्याहून सकाळच्या एसटीने यायचात, शर्टाच्या खिशात चष्मा आणि चष्म्याच्या घरात पेनड्राइव्ह. पुढे मी त्याच कॉलेजात शिकवायला लागले आणि तुम्ही निवृत्त झालात, पण तुमची एसटी काही सुटली नाही. तुम्हाला वेड होतं त्या सॉफ्टवेअरचं. पानाचं चित्र त्यात घातलं की ते पानाचं क्षेत्रफळ सांगतं, डाग मोजतं, डागांनी किती पान खाल्लं तेही सांगतं. जगभरच्या प्रयोगशाळा ते वापरतात आणि ते फुकट आहे, या दोन गोष्टींचा तुम्हाला सारखाच अभिमान होता, जणू ते तुमच्याच घरी तयार झालं असावं.

आणि तुमचा तो नियम. कुठलाही महत्त्वाचा आकडा एका संगणकावर काढायचा नाही. प्रयोगशाळेत विंडोजची यंत्रं होती. ज्या जुन्या यंत्रांना विंडोज झेपेना त्यांच्यावर तुम्ही लिनक्स घातलं होतं. आणि तुमच्या मुलीने ठाण्याला जाताना मागे ठेवलेला मॅक तुम्ही पिशवीत घालून आणायचात. तिन्हींवर तेच सॉफ्टवेअर, तिन्हींना तेच चित्र. मी वैतागून म्हणायची, सर, एक काम तीनदा कशाला? तुम्ही म्हणायचात, सोयरीक जमवताना तू एकाच घरी चौकशी करून थांबशील का?

खरं तर ते बसवणं म्हणजे काहीच नव्हतं. एक दाबलेली फाइल, ती उलगडायची, आतला फोल्डर जागेवर ठेवायचा. पण "जागेवर" म्हणजे कुठे, यात तुमचं सगळं शास्त्र होतं. विंडोजवर मी तो फोल्डर शहाणपणा करून बाकीच्या सगळ्या प्रोग्रामांच्या शेजारी ठेवला. तिथे त्याला स्वतःच्या फायली बदलायची परवानगीच नाही, म्हणून नवी सुधारणा येईना, आणि मी इंटरनेटला शिव्या घालत बसले. तुम्ही आलात, पाहिलंत, आणि मग तो डेपोपर्यंतचा आवाज. सरकारी बंगल्यात राहिलं तर खिळा ठोकायलाही परवानगी लागते, त्याला आपल्या घरात ठेव, असं म्हणून तुम्ही तो उचलून माझ्या स्वतःच्या फोल्डरात आणलात. लगेच सुरळीत झालं, आणि तुम्ही चहा मागवलात. तुमचा राग चहा येईपर्यंतच असायचा.

मॅकची गोष्ट वेगळी. तो उतरवलेल्या वस्तूवर विश्वासच ठेवायचा नाही. डाउनलोडच्या जागेवरूनच उघडायला गेलं की कुरकुरायचा. तिथून ओढून दुसरीकडे नेलं, एकदा परवानगी दिली, की गप्प. तुम्ही म्हणायचात, हा घरजावई आहे, मान दिला की काम करतो. लिनक्सवर मात्र आपलं दोघांचं एकमत कधीच झालं नाही. मी म्हणायची, लिनक्सच्या स्वतःच्या भांडारात ते तयार मिळतं, एका ओळीत बसतं, तेच घेऊ. तुम्ही म्हणायचात, भांडारातलं शिळं असतं, तिन्हीकडे एकाच आवृत्तीचं पाहिजे, नाहीतर तुलना कसली? मी म्हणायची, शिळं असलं तरी कुणीतरी तपासून ठेवलेलं असतं. तुमचं उत्तर अजून यायचं आहे. मागच्या महिन्यात एसटी सुटता सुटता तुम्ही खिडकीतून म्हणालात, "भांडाराचं पुढच्या वेळी बोलू." मला वाटतं त्या मुद्द्यावर तुम्ही थोडे ढिले पडत होता. आता तुम्ही नाही म्हणू शकत नाही, तेव्हा मी तसंच समजते.

पण मला बोलायचंय ते गरवीबद्दल.

लोकांना सांगताना मला आधी हे सांगावं लागतं की नाचणी हळवी असते आणि गरवी असते. हळवी लवकर हाताशी येते, गरवी उशिरा, दसऱ्यानंतर बऱ्याच दिवसांनी. बाबा गेल्यापासून माळावरची आमची नाचणी आई एकटी करते. आमच्या घरात गरवीचं एक जुनं बी आहे, आजीच्या आधीपासूनचं. भाकरी काळपट होते, पण दिवसभर पोटाला आधार राहतो, आणि दाणा कणगीत वर्षानुवर्षं टिकतो. आपण पानं मोजली त्या वर्षीपर्यंत ते गावात आमच्याशिवाय जेमतेम एखाद्या घरात उरलं होतं. बाकीच्यांनी सुधारित हळवी घेतली होती. आईलाही सगळे म्हणत होते, सोड आता. तिचा जीव त्या बियाण्यात, पण सलग काही वर्षं पानांवर करपा रोग पडला होता आणि तीही डळमळली होती.

तेव्हा मी ठरवलं की मोजू. हळवी आणि गरवी दोन्हींची पानं, कणीस बाहेर पडायच्या वेळी, स्कॅनरच्या काचेवर ठेवायची आणि करप्याचे डाग सॉफ्टवेअरकडून मोजून घ्यायचे. स्कॅनर तुम्ही मोखाड्याहून घरचा आणून दिलात. पान दरवेळी एकाच जागी यावं म्हणून काचेवर पुठ्ठ्याची चौकट चिकटवलीत. हळवीची पानं आधी झाली. गरवी उशिरा निसवली, म्हणून तिची पानं दसऱ्यानंतर स्कॅन झाली.

आकडे आले आणि गरवी साफ आपटली. हळवीपेक्षा कितीतरी जास्त डाग. मी आईला फोन केला. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कंप्युटर सांगतो रोगी हाय, तर मंग बी कशाला ठेवू? औंदा सगळी एकत्रच कापू." आमच्याकडे कापणीच्या आधी शेतात फिरून चांगली टपोरी कणसं बियाण्यासाठी वेगळी खुडतात. ती खुडली नाहीत तर सगळं धान्य दळणात जातं आणि बी संपतं. आई म्हणत होती त्याचा अर्थ तो होता. मला ते पटत नव्हतं, तरी बरं म्हणून फोन ठेवला.

कापणी तोंडावर आली तेव्हा कुठे मी तुम्हाला आकडे दाखवले, तर तुम्ही भुवया वर करून विचारलंत, तीन ठिकाणी काढलेस का? नव्हते काढले. मला मनातून वाटतच होतं की विंडोजच्या त्या यंत्रात काहीतरी गडबड असणार. किती काळपट दिसलं की डाग म्हणायचं ती मर्यादा तिथे चुकीची लागली असेल. तशी आशाच धरून बसले होते म्हणा ना. मग तुम्ही पिशवीतून मॅक काढलात, लिनक्सचं यंत्र चालू केलंत, आणि तीच चित्रं, तीच मर्यादा, तिन्हींवर चालवली. तिन्ही आकडे तंतोतंत सारखे. माझा चेहरा पडला. मी म्हटलं, झालं सर, गरवी रोगीच आहे.

तुम्ही चष्मा पुसलात. तुमचं तेव्हाचं बोलणं मी आता वर्गात दरवर्षी सांगते. तुम्ही म्हणालात, "तिघे एकच बोलतायत म्हणजे तिघे खरं बोलतायत, एवढंच. त्यांना आपण दाखवलं काय, ते बघ."

मग तुम्ही गरवीची सगळी चित्रं सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचलीत आणि चाळायला लागलात, लहान मुलं वहीच्या कोपऱ्यातली चित्रं भराभर उलटतात तशी. पानं बदलत होती. एक रुंद, एक बारीक, एक टोकाला फाटलेलं. आणि प्रत्येक पानावर, अगदी त्याच जागी, तेच तीन-चार लालसर तपकिरी ठिपके आणि त्यांच्या भोवती बारीक चुरा. पान हलत होतं, ठिपके हलत नव्हते. मग हळवीची चित्रं चाळली. त्यांच्यात ते ठिपके नव्हतेच.

तुम्ही उठून स्कॅनरचं झाकण उघडलंत, काच तिरकी करून उजेडात धरलीत आणि नखाने खरवडलंत. नखाला लागलं ते कुंकू होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकांची पूजा होते. हळदकुंकू, झेंडू, पेढे. तुम्ही त्यात कधी नसायचात. यंत्राला तेल लागतं, कुंकू लागत नाही, असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणून तुम्ही समोरच्या टपरीवर चहा प्यायला जायचात. म्हणून मी आधी प्रयोगशाळेतल्या आमच्या मंडळींवर घसरले. काचेवर कुंकू कुणी टाकलं म्हणून तोंडाचा पट्टा सुरू केला. मग माझ्याच लक्षात आलं की पूजेच्या दिवशी स्कॅनर कपाटात बंद होता आणि कपाटाची किल्ली तुमच्याकडे असते. मी तुमच्याकडे वळले.

"मी लावलं," तुम्ही म्हणालात. खिडकीकडे बघून.

सर, त्यानंतर मी किती हसले. पोट धरून हसले. टपरीवर जाणारा माणूस, सगळे घरी गेल्यावर गुपचूप कपाट उघडून स्कॅनरला कुंकू लावतो, ओल्या बोटाने, तेही सांडत, आणि मग घाईत पुसतो. मी विचारलं, का हो सर? तर तुम्ही काच पुसत राहिलात आणि एवढंच म्हणालात की तुझं काम होतं त्याच्यावर. मी आणखी हसले. आता ते आठवतं तेव्हा हसू येत नाही. माझ्या कामासाठी तुम्ही तुमचा आयुष्यभराचा बाणा बाजूला ठेवला होता आणि मी त्याची थट्टा करत होते. ती थट्टा तुम्हाला आवडली होती, हेही मला माहीत आहे. तुम्ही देव मानत होता की नव्हता, हे मात्र मला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारलं की तुम्ही लिनक्सचा विषय काढायचात.

काच स्वच्छ झाली, गरवीची पानं माळावरून पुन्हा आणून स्कॅन करायची ठरली. पण आई तर कापणी सुरू करणार होती. मी फोन लावला तर लागेना, साखरशेतला तेव्हा रेंज म्हणजे देवाची मर्जी. मी म्हटलं, संध्याकाळी जाईन. तुम्ही म्हणालात, आत्ता. आणि मी एकटी नाही, तुम्हीही. भरलेल्या जीपमध्ये मागे कोंबून बसलात, मांडीवर मॅकची पिशवी, ती का घेतलीत देव जाणे. वळणावळणाला तुमचं डोकं टपाला आपटत होतं. मी म्हटलं, सर, मी सांगते ना आईला. तुम्ही म्हणालात, चूक माझी, तोंड तुझं कशाला?

आम्ही पोचलो तेव्हा माळाचा वरचा अर्धा भाग कापून झाला होता. मदतीला आलेल्या बाया खालच्या अंगाला वाकलेल्या. आईने कंबर सरळ केली, पदराने तोंड पुसलं आणि तुमच्याकडे बघत राहिली. कॉलेजातले सर आपल्या शेतात, पायात बूट, अंगावर इस्त्रीचा शर्ट. तुम्ही बांधावरच उभं राहून, सगळ्या बायांसमोर, हात जोडून आईला सांगितलंत, "पानावर रोग नव्हता. माझ्या हातचं कुंकू होतं. यंत्राला वाटलं करपा. यंत्राची चूक नाही, तुमच्या लेकीची चूक नाही, माझी आहे, आणि बी टाकू नका." तुमचं पुस्तकी बोलणं सगळ्यांना कितपत कळलं असेल कोण जाणे, पण "कुंकू" कळलं. बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

आई हसली नाही. ती म्हणाली, "देवाचा कुंकू ना सर, मंग त्याला रोग कसा म्हणता?" आणि विळा खाली ठेवून ती उरलेल्या अर्ध्या शेतात शिरली. कणीस हातात धरायचं, वाकवून बघायचं, टपोरं असलं तर खुडून ओटीत टाकायचं. तुम्ही बूट काढून तिच्या मागे गेलात. तिने एखादं कणीस सोडून दिलं की तुम्ही विचारायचात, हे का नाही, आणि ती सांगायची. परत येताना तुमच्या पिशवीत मॅकच्या शेजारी पानं होती. दुसऱ्या दिवशी आपण ती स्वच्छ काचेवर स्कॅन केली, तिन्ही यंत्रांवर मोजली. गरवीला करपा होता, नाही असं नाही, पण हळवीपेक्षा जास्त नव्हता. फोनवर आईला सांगितलं तर म्हणाली, ते तिला ठाऊकच होतं. मग आधी का नाही बोललीस, विचारलं, तर म्हणे तू शिकलेली ना.

तुमचे उपकार मी मोजायला बसत नाही. त्या दिवशी तुम्ही मला शिकवलं ते कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा मोठं होतं. आकडा चुकला तर काच बघायची, आणि काचेवर आपलंच बोट उमटलेलं दिसलं तर चार माणसांत जाऊन सांगायचं. मी आत्तापर्यंत तुमच्याशी ज्या ज्या बाबतीत भांडले, त्यातली ही नव्हती. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. जव्हारला आपण रोज भेटायचो, तेव्हा सांगण्यासारखं काही वाटायचंच नाही. गप्पा आवृत्त्यांच्या, पेनड्राइव्ह भरल्याच्या, आणि मोखाड्याला वीज कशी बरोबर उलगडताना जाते त्याच्या.

तुमच्या घरी मी आले होते. तुमच्या मुलीने तुमची पिशवी मला दिली. म्हणाली, बाबा सांगायचे की हे सगळं सुमनला कळतं. मला सगळं नाही कळत सर, पण पिशवी घेतली. काल नवा लॅपटॉप आला तेव्हा यंदाची पानं त्यावर चालवली, मग लिनक्सवर, मग तुमच्या मॅकवर. त्याने आधी कुरकुर केली. मी मान दिला. तिन्ही आकडे सारखे आले, आणि तरी मी उठून झाकण उघडून काच उजेडात धरली. शेजारच्या टेबलावरच्या मॅडम विचारत होत्या, काय बघताय? मी म्हटलं, काही नाही.

गेल्या रविवारी साखरशेतला गेले होते. यंदा आमच्या गावात गरवी बऱ्याच घरांनी पेरली होती, सगळ्यांचं बी आईच्या ओटीतून गेलेलं. आमची नाचणी खळ्यावरून घरात आली होती आणि आईने नव्या पिठाची पहिली भाकरी थापली होती. आमच्याकडे नवं खाण्याआधी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने भाकरीचा एकेक तुकडा काढून ठेवतात. ज्याचं नाव घेतलं त्याला तो पोचतो. आई चुलीशी बसून नावं घेत होती. आजा, आजी, माझे बाबा. एवढे झाले की भाकरी वाढायची, म्हणून मी हात धुवून बसले.

आईने आणखी एक तुकडा मोडला आणि माझ्याकडे बघितलं.

"सरांचा नाव काय गं?"

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, सरच म्हणते मी त्यांना. ती म्हणाली, सर तर खंडीभर असतील, त्यांतला कोण घेईल?

इतक्या वर्षांत तुमचं नाव मी कधी तोंडाने उच्चारलं नव्हतं. वडीलधाऱ्या माणसाचं नाव नुसतं कसं घ्यायचं, जीभ वळेना. आई तुकडा हातात धरून थांबली होती.

"वसंत," मी म्हटलं.

आईने तुमचं नाव घेतलं, तुकडा बाबांच्या तुकड्याशेजारी ठेवला, आणि मग मला वाढलं.